उजवीकडची खूण

ती खूण होताना मी पाहिलेली नाही. हे सर्वांत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे सांगेन त्यातले माझे किती आणि ऐकीव किती, हे तुम्हाला वेगळे ठेवता येईल. खूण करणारी बाई मला दिसली नाही. तिचा आवाजही मी ऐकला नाही. मी पाहिली ती माझी ताई, तिच्या अंगावरचे ओले जांभळे वर्तुळ, आणि ज्या खोलीतून ती बाहेर आली त्या खोलीत दुसरे कोणी नसणे. ‘नसणे पाहिले’ हे वाक्य तर्काला धरून नाही, हे मला कळते. परंतु त्या खोलीच्या बाबतीत याहून अचूक वाक्य मला आजवर सुचलेले नाही. दिवा जरा पुढे ओढून घ्या. सांगते.

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. कर्करोगाचे निदान झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत रुग्णाला जे थांबावे लागते, त्या थांबण्याचा त्याच्या पुढील आयुष्यावर काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. प्रश्न सोपा दिसतो, पण तसा नाही. ज्यांचा आजार बळावलेला असतो त्यांना डॉक्टर आधी हात घालतात. त्यामुळे नुसते आकडे मांडले, तर लवकर शस्त्रक्रिया झालेलेच अधिक दगावले असे दिसते, आणि थांबणे जणू हितकारक ठरते. ही गफलत निस्तरण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ती निस्तरल्यावर हाती उरते ते असे: थांबणे लांबले की धोका वाढतो, सगळ्यांचा सारखा वाढत नाही, आणि समोर बसलेल्या एका माणसाचा किती वाढेल, हे कोणालाही सांगता येत नाही.

हे शेवटचे वाक्य मी दरवर्षी वर्गात उच्चारते. ताईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा ते मला पहिल्यांदा ऐकू आले.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. तिचे शिवणकामाचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. भावोजी अबोल गृहस्थ, सेवानिवृत्त, दिवसातून चार वाक्ये बोलणारे. त्यांतली दोन चहाबद्दल. ताई मात्र दोघांच्या वाटचे बोलते. शस्त्रक्रियेची तारीख एकदा पुढे गेली आणि मग पुन्हा एकदा गेली, तेव्हाही ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “बायका मला विचारतात ना, ‘ताई, कधी मिळेल हो ब्लाउज?’ आणि मी म्हणते, ‘या पुढच्या आठवड्यात.’ आता कळलं, त्या मनात काय म्हणत असतील.”

रुग्णालयाचा दोष नव्हता. शस्त्रक्रियागृहातली हवा गाळणारी यंत्रणा बिघडली होती, निम्मी टेबले बंद होती, आणि रांग मात्र कोणासाठी थांबत नव्हती.

“मास्तरीणबाई,” ताईने विचारले. मला या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच. “तुमच्या शास्त्रात काय लिहिलंय? एवढं थांबले तर काय होईल?”

“सरासरी बघितली तर एवढ्याने फारसा फरक पडत नाही.”

“सरासरीच्या मापाने मी एकदा ढीगभर ब्लाउज शिवून ठेवले होते,” ती म्हणाली. “एकीलाही बसला नाही.”

आम्ही दोघीही हसलो.

ज्या दुपारबद्दल मला सांगायचे आहे, त्या दुपारी आम्ही भूलतज्ज्ञांच्या तपासणीसाठी गेलो होतो. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाची होते तशीच ही तपासणी. नवीन इमारतीत दुरुस्ती चालू असल्याने हा विभाग जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हलवला होता. लांबलचक कॉरिडॉर, एका बाजूला बंद दारे, दुसऱ्या बाजूला उंचावर खिडक्या. खिडक्यांच्या काचांवर सिमेंटची धूळ बसून उजेड दुधाळ झालेला. बाहेर ऊन रणरणत होते, पण आत येईपर्यंत त्याची धग कुठे गळून पडत होती कोण जाणे. कॉरिडॉर जिथे संपत होता त्या भिंतीपलीकडे शस्त्रक्रियागृह होते. तिथल्या यंत्रांची घरघर भिंतीतून, फरशीतून पायांच्या तळव्यांपर्यंत येत होती. ती ऐकू येत नव्हती, जाणवत होती.

आधीचा हृदयाचा आलेख गाडीतच राहिला होता. तो आणायला मी खाली गेले. ताई बाकावर बसली होती. तिच्याशिवाय तिथे कोणी नव्हते.

परत येताना जिन्याच्या वळणावर मला काहीतरी बदलल्याचे जाणवले. काय ते कळायला क्षण लागला. घरघर थांबली होती. पाठीमागे कोणीतरी श्वास रोखून धरावा तशी शांतता. आणि वास... स्पिरिटचा नव्हे, फिनाईलचाही नव्हे. गोडसर, थंड, घशाच्या मागच्या बाजूला बसणारा. लहानपणी टॉन्सिल काढताना तोंडावर धरलेल्या भुलीच्या जाळीचा वास मला आठवला, आणि तो इतक्या वर्षांनी आठवावा याचे नवल वाटले.

बाकावर ताईची पर्स होती. बाकाखाली तिच्या चपला, शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवलेल्या. ताई नव्हती.

“ताई?”

कॉरिडॉरच्या टोकाचे दार उघडले आणि ती बाहेर आली. अनवाणी. ब्लाउजचे हूक लावत.

“कुठे गेली होतीस?”

“अगं, खूण करायला बोलावलं ना आत.” ती अगदी सहज म्हणाली. “ऑपरेशनची खूण. डॉक्टर म्हणाले नव्हते का, कुठे कापायचं ती खूण आधी करतात म्हणून?”

“ती ऑपरेशनच्या दिवशी करतात. कोणी केली?”

“त्या बाईंनी. आत आहेत बघ. मला चपला काढून या म्हणाल्या.”

मी दार पूर्ण उघडले. अडगळीची खोली होती. भिंतीला टेकवून ठेवलेले पडदे, चाक निखळलेले एक स्ट्रेचर. एकच खिडकी, तिला बाहेरून गज, आणि तावदाने रंग लावताना चौकटीला कायमची चिकटलेली. दुसरे दार नव्हते. आतला गारवा अंगावर आला. उघड्या फ्रिजसमोर उभे राहावे तसा. फरशीवर धुळीचा सलग थर होता. त्यात ताईची पावले आत गेली होती, खोलीच्या मध्यावर थांबली होती, आणि परत आली होती.

मध्यावर, ताईच्या पावलांसमोर, बोटांना बोटे भिडतील इतक्या जवळ, धूळ पुसली गेलेले दोन लांबट ठसे होते. तिथवर कोणी चालत आल्याच्या खुणा नव्हत्या. तिथून कोणी गेल्याच्याही नव्हत्या.

“कोण आहे?” मी विचारले. माझा आवाज मला परका वाटला.

त्याच वेळी भिंतीपलीकडची यंत्रे पुन्हा सुरू झाली. घरघर फरशीतून माझ्या पायांत चढली आणि तो वास गेला.

इन्चार्ज सिस्टर आल्या तेव्हा ताईने पदर बाजूला करून हूक पुन्हा काढले. उजव्या स्तनाच्या बाहेरच्या कडेला, काखेच्या थोडे खाली, आवळ्याएवढे एक वर्तुळ होते. जांभळ्या शाईचे, अजून ओले.

“ही आमची खूण नव्हे,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्याकडे सर्जन स्वतः करतात. त्याच दिवशी सकाळी, पेशंट जागा असताना, त्याच्या तोंडून बाजू वदवून घेऊन. काळ्या मार्करने. आणि ही तर...” त्यांनी ताईचे कागद पाहिले. “तुमची गाठ डावीकडे आहे ना?”

“त्या बाई दिसायला कशा होत्या?” मी ताईला विचारले.

“हिरवा झगा होता, मागे नाड्या बांधलेला. डोक्याला कागदी टोपी. पायांत काही नाही. डोळे अर्धे मिटलेले... झोपेतून उठवून आणल्यासारख्या. जीभ जड. म्हणाल्या, ‘हे राहिलंय. इथे कोणी बघितलं नाही.’ हात इतके गार होते गं! मग म्हणाल्या, ‘मला परत जायला हवं. आता उठवतील.’”

सिस्टरांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “मॅडम, इथे एक नियम आहे. पेशंटच्या अंगावर दुसऱ्या कोणाची खूण दिसली, तर सर्जननी लेखी खुलासा दिल्याशिवाय त्याला आत घेत नाहीत. पूर्वी एकदा बाजू चुकता चुकता वाचली, तेव्हापासून. हे वर गेलं तर तुमची तारीख जाईल. मी काही बघितलं नाही. घरी जा, धुऊन टाका.”

सिस्टरांच्या भलेपणाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच सांगितले असते.

खूण साबणाने गेली. पहिल्याच हाताला, सहज. न्हाणीघरात जांभळे पाणी वाहिले आणि त्वचा स्वच्छ झाली. मी सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत होती. त्याच जागी, तेवढीच, ओली.

आम्ही ती रोज पुसली आणि ती रोज उमटली. पुसली जातच नसती तर मला कमी भीती वाटली असती. न जाणारा डाग ही त्वचेची गोष्ट आहे. पुसलेले पुन्हा काढणारा कोणीतरी लागतो.

माझा स्वभाव असा, की मला पहिला संशय आला तो ताईचा. थांबण्याचा ताण माणसाकडून काय काय करवून घेतो, हे मी वाचलेले आहे. झोपेत, नकळत, स्वतःच्या हाताने. म्हणून एके दिवशी मी जागा स्पिरिटने पुसली, वर कोरडी पट्टी ठेवली, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या कडा त्वचेला जिथे मिळतात तिथे माझ्या सह्या केल्या. मग तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. ती हातशिलाई करत होती. पुढे दुकानात भावोजी कोणाला तरी पावती देत होते, रस्त्यावर दुचाकी जात होत्या, शेजारचा रेडिओ चालू होता. याहून निर्धोक दुपार असू शकत नाही.

रेडिओचा आवाज आधी गेला. बंद झाला असे नाही. कापसात गुंडाळल्यासारखा दूर गेला. मग माझ्या पोटऱ्यांना गारवा लागला. मग तो वास... गोडसर, थंड.

ताईची सुई कापडात अर्धी शिरून थांबली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या आणि तिच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती, तिकडे पाहत होती.

“आली...”

“कोण?”

“बोलू नकोस... तिला घाई असते.”

मला काहीही दिसत नव्हते. मी नीट पाहत होते, हे मी शपथेवर सांगेन. फक्त ताईने उजवा खांदा किंचित मागे घेतला, माप देणारी बाई घेते तसा, आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. काखेपाशी तिच्या पातळाला एक हलकी चुणी पडली. आतून नव्हे. बाहेरून, कोणीतरी मनगट टेकवावे तशी.

“गेली,” ताई म्हणाली. रेडिओ जवळ आला.

मी पट्टी काढली. माझ्या सह्या शाबूत होत्या. पट्टीची आतली बाजू पांढरी, कोरडी. खाली वर्तुळ, ओले.

“तूच काढतेस असं वाटत होतं ना तुला?” ताईने विचारले. रागावून नव्हे. “वेडे, मी जन्मभर खडूने खुणा करत आले. हा माझा हात नाही. वर्तुळ पुरं करताना बघ कसं हललंय. हा खुणा करणाऱ्याचा हातच नव्हे. कधी न केलेलं काम कोणीतरी जीव लावून केलंय.”

मी त्या रात्री अंथरुणावर पडून विचार केला आणि सकाळी माझी योजना मांडली. खूण दुपारी उमटते. ताईची शस्त्रक्रिया सकाळी होती. आदल्या संध्याकाळी धुऊन टाकायचे. सकाळी सर्जनला अंग स्वच्छ दिसेल. कोणाला खुलासा लागणार नाही, तारीख जाणार नाही. दोनदा गेलेली तारीख तिसऱ्यांदा गेली तर काय, हे त्या घरात माझ्याइतके स्पष्ट कोणालाच ठाऊक नव्हते.

“आणि ‘हे राहिलंय’ म्हणाली त्याचं काय?” ताईने विचारले.

“कोण म्हणाली? जी बाई नाहीच, ती?”

“नसेल. पण रोज येते बिचारी. तुझे डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात.”

“ताई, उजवीकडचा मॅमोग्राम स्वच्छ आहे. तू त्या खुणेपायी हातची तारीख घालवणार? मी आयुष्यभर काय शिकले ते एकदा तरी ऐक ना माझं!”

“ऐकलंय. समोरच्या एका माणसाचं सांगता येत नाही, असंच ना? मग ते तुलाही सांगता येत नाही.”

भावोजी दारात उभे होते. किती वेळ, ते माहीत नाही. “दाखवू या,” ते म्हणाले. “तारीख गेली तर मी त्यांच्या दारात जाऊन बसेन.” त्या दिवसाच्या वाटणीची वाक्ये त्यांनी यावर खर्च केली.

आम्ही दुपारीच गेलो. सर्जन तापट म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी वर्तुळ पाहिले, बोट लावले, बोटाला जांभळा रंग आला तो पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“कोणी केलं हे?”

ताईने माझ्याकडे पाहिले, मी भावोजींकडे.

“विरुद्ध बाजूला खूण! काय होऊ शकतं याची कल्पना आहे तुम्हाला? पुसली का नाहीत?”

“पुसली,” ताई म्हणाली. “परत येते.”

ते तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले. “मला खुलासा लिहावा लागेल. उजवीकडे काही नाही असं लिहायचं, तर काही नाही हे आधी बघायला लागेल. मॅमोग्रामवर भागणार नाही. दोन्ही बाजूंचा एमआरआय करा.”

“तारीख?” मी विचारले.

“ही गेली. पुढचं नंतर बघू.”

परतीच्या वाटेवर ताईने माझा हात धरून ठेवला होता. आजारी ती होती.

त्या स्कॅनमध्ये, वर्तुळाच्या बरोबर खाली, खोल, छातीच्या स्नायूला लागून, वाटाण्याहून लहान असे काहीतरी दिसले. सुईने तुकडा घेतला. दुसरी गाठ. वेगळ्या जातीची, झपाट्याने वाढणारी, रक्तातून पसरायला वेळ न लावणारी.

सर्जननी आम्हाला आपणहून बोलावले. त्यांचा आवाज त्या दिवशी तापट नव्हता. “डावीकडची संथ आहे,” ते म्हणाले. “ती थांबली असती, आणखी थोडी थांबली असती तरी चाललं असतं. हिला थांबायला सवड नव्हती. आणि आम्ही डावीकडची काढून तुम्हाला घरी पाठवलं असतं. ही सापडली असती तेव्हा...” त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. “तुमचं नाव मी सर्वांत वर घेतलंय. खुलाशात काय लिहू ते मात्र मला सुचत नाही.”

माझ्या विषयातले सगळे त्या एका देहात होते, हे मला तेव्हा उमगले. थांबून काही न बिघडणारी एक बाजू, आणि थांबणे मुळीच न परवडणारी दुसरी. दोहोंची सरासरी काढली असती तर ती दिलासादायक आली असती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताईला हिरवा झगा घातला. तिने मागच्या नाड्या चाचपून पाहिल्या आणि म्हणाली, “काय शिवलंय! उलट्या बाजूला शिलाई, आणि तीही वाकडी.” मग तिला आत नेले. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत जायला आणि बाहेर यायला तेवढे एकच दार. तिला बाहेर आणेपर्यंत मी जागेवरून उठले नाही; पाणी प्यायलासुद्धा नाही. हे मी प्रत्यक्ष केलेले आहे, आणि याबाबत माझी खात्री आहे.

सर्जननी दोन्ही बाजूंना काळ्या मार्करने खुणा केल्या होत्या. जांभळे वर्तुळ जंतुनाशकाच्या पहिल्याच बोळ्याने निघून गेले. त्यानंतर ते कधी उमटले नाही.

ताई बरी झाली. औषधांनी तिचे केस गेले आणि आले, ते कुरळे आले. गिऱ्हाइकांना ती सांगते की मुद्दाम करून घेतले. काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, म्हणजे रोग पसरला नव्हता. ती दुकानात बसते, भावोजी चहाबद्दल बोलतात, आणि मी रविवारी जेवायला जाते तेव्हा रस्त्यावरूनच मशीनचा आवाज ऐकते. तो ऐकला की एक कृतज्ञता माझ्या छातीत दाटून येते, अगदी शरीराला जाणवेल इतकी, आणि मग तिला जायला जागा सापडत नाही. सर्जनचे आभार मानले. सिस्टरांना भेटून आले. तरी ती उरतेच. जिचे अस्तित्व मी मान्य करू शकत नाही अशा कोणाची तरी मी ऋणी आहे, आणि माझ्यासारख्या बाईसाठी ही अडचणीची अवस्था आहे.

मी येथेच थांबले असते. पण पुढच्या एका तपासणीच्या वेळी आणखी एक घडले.

सकाळची वेळ, प्रतीक्षाकक्ष गच्च भरलेला. आमच्या समोर एक वृद्ध बाई चाकांच्या खुर्चीत होत्या, सोबत त्यांची मुलगी. त्या दुसऱ्या गावाहून आल्या होत्या. शस्त्रक्रिया तिकडच्याच रुग्णालयात झाली होती, इथे पहिल्यांदाच येत होत्या. आजींची नजर ताईवर खिळली होती. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, ह्याच त्या! तुला म्हणत होते ना? ह्याच बाई!”

“आई, हळू. माफ करा हं,” मुलगी संकोचून म्हणाली. “आईला वाटतंय, तिच्या पोटावर खूण करणाऱ्या तुम्हीच.”

“वाटतंय काय? मी काय आंधळी आहे?” आजी खुर्चीतून पुढे झुकल्या आणि त्यांनी ताईचे दोन्ही हात हातांत घेतले. “बाई, तुम्ही देवासारख्या आलात. आतड्याचं ऑपरेशन व्हायचं होतं माझं. तुम्ही कुशीवर खूण केलीत म्हणून डॉक्टरांनी मूत्रपिंड बघितलं. तिथे दुसरंच निघालं. आता बरी आहे मी. टोपी नव्हती हो तुमची आज, म्हणून क्षणभर ओळखलं नाही.”

ताईने हात सोडवून घेतले नाहीत.

मी मुलीला खूण झाल्याचा दिवस विचारला. मग वेळ विचारली. दोन्ही पुन्हा विचारून खात्री केली. तो ताईच्या शस्त्रक्रियेचा दिवस होता. ती वेळ अशी होती, की तेव्हा ताई भूल देऊन टेबलावर होती आणि मी त्या एकमेव दाराबाहेर बसले होते.

“तुम्ही ह्यांच्या बहीण का?” आजींनी मला विचारले. “मग तुमचा निरोप राहिलाय माझ्याकडे. जाताना ह्या म्हणाल्या, ‘बाहेर माझी बहीण बसली असेल, आमची मास्तरीण. तिला सांगा, डबा पिशवीच्या तळाला आहे, उपाशी राहू नको म्हणावं.’ मी हिला लगेच बघायला पाठवलं. बाकावर कोणीच नव्हतं.”

डबा होता. ताईच्या कपड्यांच्या पिशवीत, तळाला. ती बरी होऊन घरी आल्यावर पिशवी रिकामी करताना तो मला सापडला होता, आतले आंबून गेलेले. तो कोणासाठी भरला होता, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

आजींना आत बोलावले. खुर्ची वळेपर्यंत त्या ताईकडे बघून हात हलवत होत्या. मी ताईजवळ सरकले.

“तुला काही आठवतं?”

“काही नाही गं. शून्य.” तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. “बऱ्या आहेत म्हणाल्या, नाही का?”

“हो.”

पंख्याच्या वाऱ्याने तिचे नवे केस हलत होते.

“मला पण दिला होता,” ती म्हणाली.

“काय?”

“निरोप. त्या बाईंनी, पहिल्या दिवशी. तू आधीच इतकी घाबरली होतीस, म्हणून बोलले नाही. म्हणाल्या, ‘आमचे हे बाहेर बसले असतील, त्यांना सांगा.’ मी बाहेर आले तर तू.”

“काय सांगायला सांगितलं?”

“‘मागच्या दाराची कडी लावायची राहिलीये. रात्र व्हायच्या आत लावा म्हणावं. नक्की.’”

त्या पहिल्या दुपारी भिंतीपलीकडच्या शस्त्रक्रियागृहात कोण कोण होते, हे मी रुग्णालयात विचारले. सिस्टरांनी मला सांगितले, की त्या दिवशी दुरुस्तीसाठी यंत्रे नुसती चालवून पाहत होते, तिथे एकही शस्त्रक्रिया झाली नाही. ती बाई कोणत्या गावच्या कोणत्या टेबलावर होती, हे आम्हाला माहीत नाही. गृहस्थांचे नाव तिने घेतले नाही. आम्ही प्रत्येक प्रतीक्षाकक्षात विचारत असतो. ते आम्हाला अजून भेटलेले नाहीत.